पॉइंट थ्री

बोनसचे नऊ हजार. त्यातले पाच
वॉशिंग मशीनच्या हप्त्यांत आधीच भिजलेले.
उरले चार. चारात
बंदूक, हवा आणि त्या दोघींना जोडणारी नळी
बसवायची होती.

एअरब्रश सोपा निघाला.
मडगावात केक सजवायचं सामान विकणारी आन्सिल्डा म्हणाली,
"हो घे. डबल ॲक्शन, सुई पॉइंट थ्री.
म्हज्या आयसिंगाक चलता जाल्यार तुज्या बार्जीक कित्याक ना?"
तेराशे पन्नास. रंगाची वाटी वर, घोडा एकच:
दाबला की हवा, मागे ओढला की रंग.
शाळेत निबेशी इतकं जपून वागलो असतो
तर आज बंदरावर क्रेन चालवत नसतो.

घोळ होता तो हवेचा.

टाकी नसलेला, डब्याएवढा कॉम्प्रेसर
उसना आणून पाहिला.
दम लागल्यासारखा हवा सोडायचा;
रेघ ओढावी तर उचकी लागल्यागत ठिपके,
आणि आवाज असा की भिंतीपलीकडे
कुंदाबाईंची नात रडत उठली,
आणि कुंदाबाई आमच्या दारात, केस सुटलेले,
एक शब्द न बोलता.
मला वेळ मिळतो रात्री अकरानंतर.
म्हणजे अकरानंतरचा वारा हवा, मुका,
तोही सव्वीसशे पन्नासात.

वरच्या मजल्यावरचा तेजस म्हणाला, काका, नेब्युलायझर लावा की.
होता घरात. बाबांचा.
कपाटावर, पिशवीत, मास्कसकट.
त्याला दाब पुरत नाही, मी सांगितलं.
आणि ते खरंही आहे.

बायण्याचा कुस्तोद फ्रीज दुरुस्त करतो.
अंगणात दारं गेलेले फ्रीज आडवे पडलेत,
एकात कोंबडी अंड्यांवर बसलेली.
त्यानं वाकून काळ्या पातेल्यासारखं काहीतरी उचललं.
"हें बंद पडिल्ल्या तावेर्नाचें.
तीस वर्सां बियर थंड केली. आतां तुजी बार्ज रंगय."
आठशे.
आग विझवायचं रिकामं नळकांडं टाकी म्हणून, सहाशे.
सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवा घे, म्हणाला,
आणि बजावायला जो हात वर केला
त्याला बोटं चारच होती.
दाबाचं घड्याळ, नळी, जोड,
आणि पाणी धरणारी काचेची वाटी, जी मी वगळत होतो.
"वास्कोंत?" कुस्तोद हसला.
"हांगा वारो न्हय, उदक व्हांवता."

चोवीसशे ऐंशी झाले.
राहिलेल्या एकशे सत्तरात थिनरची बाटली
आणि दोघांना भाजीपाव.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं.
घरात आणखी एक फ्रीज आला, एवढाच फरक.
भिंतीला कान लावून उभा राहिलो.
कुंदाबाईंचं घड्याळ ऐकू आलं, नात नाही.
काटा चढत गेला, अठरावर थांबला.
आधी वर्तमानपत्रावर, मग जुन्या सीडीवर,
मग श्वास धरून
प्लास्टिकच्या पत्र्याच्या त्या हातभर बार्जीवर,
जिच्या मोठ्या बहिणीवर बाबा बावीस वर्षं खलाशी होते.
ती खाणी बंद पडल्यावर धक्क्याला उभी राहिली,
उभी राहून राहून किलोनं गेली.

रंग धुक्यासारखा बसत गेला. कडा नाही, थेंब नाही.
दोनदा सुई चोंदली, दोनदा शिव्या दिल्या, हळू.

तेजस दुसऱ्या दिवशी विचारतो, गंज कसा दाखवणार?
मीठ चिकटवून वरून रंग मारायचा,
मग मीठ झाडायचं, एकदम अस्सल दिसतो.
नको, म्हटलं. गंज इथं फुकट मिळतो.
ही पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशीची आहे,
हिच्या कठड्याला अजून कोणी टेकलेलं नाही.

काचेच्या वाटीत सकाळी चमचाभर पाणी होतं.
वास घेतला. तेल.
एवढं करून बियर कुठंच नाही.
मोरीत ओतलं आणि पहिल्या पाळीला निघालो.